सुट्टी कोणाची, शिबिर कोणाचे?

एप्रिल महिना लागला की मुंबईत उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींना ऊत येतो. वृत्तपत्रांच्या घडीत रंगीत पत्रके येतात, सोसायट्यांच्या फाटकांवर फलक लागतात आणि आता तर पालकांच्या हातातील फोनही दिवसभर तेच सांगत राहतो. दहा दिवसांत वक्तृत्व, आठ दिवसांत यंत्रमानव, पंधरा दिवसांत आत्मविश्वास, असा हा बाजार असतो. राज्य मंडळाच्या शाळांना मे महिन्याच्या प्रारंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे सहा आठवडे सुट्टी असते. या सहा आठवड्यांत मुलाला कोठे पाठवावे हा प्रश्न मुंबईतील लक्षावधी घरांत एकाच वेळी विचारला जातो आणि प्रत्येक घर त्याचे उत्तर एकेकटे शोधते. जो प्रश्न सर्वांचा आहे पण ज्याचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे विकत घ्यावयाचे आहे, तो प्रश्न घरगुती राहत नाही. तो सामाजिक होतो. म्हणूनच त्याचा विचार या पानावर करणे अप्रस्तुत ठरू नये.

मुंबईच्या कष्टकरी कुटुंबांना एके काळी हा प्रश्न एवढा छळत नसे, कारण त्याचे उत्तर गावाकडे होते. गिरणीतील विणकर असो की गोदीतील माथाडी, मे महिन्यात बायकामुलांना एस.टी.त बसवून कोकणात किंवा घाटावर धाडण्याची रीत होती. गावाकडच्या त्या सुट्टीचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. मुलगा विहिरीवर पोहत असे तेव्हा त्याची बहीण बहुधा त्याच विहिरीवरून पाणी वाहत असे. परंतु मुलांकडे पाहणारी चार वडीलधारी माणसे तेथे होती, अंगण होते आणि खर्च एस.टी.च्या तिकिटापुरता होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावची घडी विस्कटली, पुढच्या पिढीचा गावाशी असलेला धागा विरला, अनेकांच्या गावच्या घरांना कुलपे लागली. आज विरार, कल्याण, मानखुर्द येथे राहणाऱ्या जोडप्यातील दोघेही कामाला जातात. आजी असलीच तर तीही चार घरची पोळ्या-भांडी करते. शाळा होती तोवर दिवसाचे निदान पाच तास मूल सुरक्षित जागी असे. सुट्टी लागली की तो आधारही तुटतो. मग दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ येतो आणि तिची सुट्टी तेथेच संपते.

सुट्टीचा दुसरा अर्थ पोटाशी निगडित आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुलांना दुपारचे शिजवलेले अन्न मिळते. २०२१ पासून या योजनेचे नाव 'पीएम पोषण' असे झाले आहे. शाळा बंद झाली की सर्वसाधारणपणे ही थाळीही बंद होते. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात २००४ साली दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतील भोजन चालू ठेवण्याचा आदेश दिला, तो सुट्टीचा हा अर्थ ओळखूनच. महानगरातील झोपडपट्टीला दुष्काळग्रस्त कोणी जाहीर करीत नाही. तेव्हा उन्हाळी शिबिराची चर्चा करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे की, एका मुलासाठी सुट्टी म्हणजे काय शिकावे याची निवड असते, तर दुसऱ्यासाठी ती दुपारी काय खावे आणि कोठे थांबावे याची विवंचना असते.

आता शिबिरांच्या बाजाराकडे पाहू. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा बाजार ओळखीचा वाटेल. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवून दिले की, जेथे विकणाऱ्याला मालाचा कस ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला तो ठाऊक नसतो, तेथे चांगला माल मागे पडतो आणि निकृष्ट माल बाजार व्यापतो. शिबिराच्या बाबतीत तर घेणारा पालक असतो आणि वापरणारे मूल असते. पालक दाराशी मुलाला सोडून कामावर जातो, आत काय चालते हे त्याला दिसत नाही, आणि मूल घरी येऊन एवढेच सांगते की मजा आली किंवा आली नाही. अशा वेळी पालक कशावरून निवड करतो? किमतीवरून. जे महाग ते चांगले असणारच, या समजुतीवर तो विसंबतो. शिबिरवाल्यालाही हे कळते. म्हणून तो शिक्षकांवर कमी आणि टी-शर्ट, प्रमाणपत्रे व शेवटच्या दिवसाच्या दिमाखदार कार्यक्रमावर अधिक खर्च करतो, कारण पालकाच्या नजरेस तेवढेच पडणार असते.

दुसरे कारण त्याहून खोल आहे. फ्रेड हर्श या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली अशा वस्तूंचे विवेचन केले की, ज्यांचे मोल त्या आपल्याजवळ असण्यात नसून इतरांजवळ नसण्यात असते. चाळीतील नळाला पहाटे पाच वाजता पाणी येते असे समजा. एका बिऱ्हाडाने चार वाजता हंडा लावला तर त्याला पाणी आधी मिळते. उद्या सर्वांनीच चार वाजता हंडे लावले तर क्रम पूर्वीचाच राहतो, पाणी तेवढेच येते, झोप मात्र सगळ्यांची जाते. नऊ वर्षांच्या मुलाला संगणकाची भाषा शिकविण्यासाठी हजारो रुपये मोजणाऱ्या पालकाच्या मनात बहुधा हीच रांग असते. शेजाऱ्याचा मुलगा शिकतो, मग आपला मागे पडेल, हे भय त्याला खर्चात ओढते. या शर्यतीत श्रीमंताचे पैसे जातात, मध्यमवर्गीयाची बचत जाते, गरिबाच्या मनात आपले मूल पहिल्या पावलालाच हरले असा सल उरतो, आणि मुलांची सुट्टी तेवढी सर्वांचीच हिरावली जाते.

मुळात सुट्टीतील शिबिराची कल्पना या शर्यतीसाठी जन्मलेली नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथील हेर्मान वाल्टर बियोन या धर्मोपदेशकाने १८७६ साली शहरातील गरीब, अशक्त मुलांना आपेन्त्सेलच्या डोंगराळ मुलखात सुट्टीसाठी नेले. त्यातून सुट्टीच्या वसाहतींची चळवळ युरोपभर पसरली, आणि फ्रान्समध्ये तर कामगारांच्या हाती आलेल्या नगरपालिकांनी ती आपली जबाबदारी मानली. जर्मनीत शिक्षणतज्ज्ञ कुर्ट लोवेनस्टाइन यांच्या प्रेरणेने १९२७ साली कील शहराजवळ झेकाम्प येथे मुलांचे प्रजासत्ताक भरले. कामगारांची सुमारे दोन हजार मुले तंबूंच्या गावात राहिली. त्यांनी आपले प्रतिनिधी निवडले, गावाचे नियम ठरविले आणि वाद आपसांत मिटविले. तेथून परतलेल्या मुलांच्या हाती प्रमाणपत्र नव्हते, पण आपला कारभार आपण करू शकतो हा अनुभव होता.

महाराष्ट्राला तरी हा वारसा परका कोठे आहे? राष्ट्र सेवा दलाची स्थापना ४ जून १९४१ रोजी झाली. त्याच्या शाखांत आणि शिबिरांत सर्व जातिधर्मांची मुले-मुली एकत्र खेळली, गायली, एका पंगतीला जेवली. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, साने गुरुजी यांच्यासारखी माणसे मुलांमध्ये बसण्यात कमीपणा मानीत नसत. वसंत बापट आणि पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांचा सहभाग लाभलेल्या कलापथकाने गाणे आणि लोकनाट्य हे शिक्षणाचे साधन केले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात गेले पाहिजे, हा त्यांचा विचार होता. मुंबईत सुधा करमरकर यांनी १९५९ साली बालरंगभूमीचा पाया घातला. रत्नाकर मतकरी यांनी तर उतारवयातही ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने वस्त्यांतील मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. तेथे मुलांना लिहून दिलेली नाटके पाठ करावी लागत नाहीत. आपल्या वस्तीतील प्रश्न घेऊन ती स्वतःच नाटिका रचतात. उत्तम शिबिर कशाला म्हणावे हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी या परंपरेकडे पाहावे.

परंतु परंपरेचे स्मरण करून उद्याच्या पालकाचा प्रश्न सुटत नाही. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला एप्रिलमध्ये हमखास विचारले जाते, "भाऊ, पोराला कुठं घालू?" या प्रश्नाला नुसते भाषण देऊन चालत नाही. त्याने पालकासह शिबिराच्या दाराशी जाऊन काही साध्या गोष्टी विचारल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट माणसांची. इमारत, वातानुकूलन आणि छापील पत्रक पाहण्याआधी मुलांबरोबर दिवसभर कोण राहणार हे विचारावे. लहान मुलांच्या गटात दहा-बारा मुलांमागे एक जाणते माणूस असावे. संचालकाचे नाव फलकावर मोठे असते, पण प्रत्यक्षात मुले सुट्टीपुरत्या नेमलेल्या, काहीही न शिकविलेल्या तरुणांच्या हवाली असतात, असे अनेकदा घडते. त्या तरुणांना किती वेतन मिळते हेही अवश्य विचारावे. जो आपल्या माणसांना राबवून घेतो तो मुलांची काळजी मनापासून घेईल, हे संभवत नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. येथे भिडेला वाव नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या सरकारी समारंभानंतर उष्माघाताने चौदा माणसे दगावली. ती प्रौढ माणसे होती. मुलांचे शरीर त्याहून लवकर तापते. पाण्याजवळचा कार्यक्रम असेल तर जीवरक्षक कोण, मैदानी खेळ असतील तर ते सकाळी दहाच्या आत आटोपतात की नाही, पिण्याचे पाणी आणि सावली कोठे आहे, जवळचे रुग्णालय कोणते, हे विचारण्यात संकोच कसला? लैंगिक अत्याचाराविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला, तो केवळ निदर्शनांपुरता हादरून चालणार नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती कळल्यावर ती पोलिसांना न कळविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ती दडपली तर त्याला अधिक कडक शिक्षा आहे. शिबिरचालकाला हा कायदा ठाऊक आहे काय, मुलांना स्वच्छतागृहाकडे कोण नेते, मुक्कामाच्या शिबिरात रात्री कोण असते, या प्रश्नांनी जो चालक चिडतो त्याच्याकडे मूल ठेवू नये. मुलांना १०९८ हा मदतीचा क्रमांक तोंडपाठ असावा, हे तर घरीच करता येईल.

तिसरी गोष्ट खऱ्या खर्चाची. जाहिरातीतील शुल्क हा खर्चाचा एक भाग असतो. रोजचा प्रवास, सोबत जाणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, पोशाख, साहित्य, अखेरच्या कार्यक्रमाची वर्गणी हे सारे धरून बेरीज करावी. लोकलच्या गर्दीतून तासभर नेऊन आणलेले मूल शिबिरात शिकते त्याहून अधिक प्रवासात थकते. चालत जाण्याच्या अंतरावरील साधे शिबिर बहुधा दूरच्या नामवंत शिबिरापेक्षा हिताचे ठरते. कर्ज काढून तर कोणत्याही शिबिराला मूल घालू नये. दहा दिवसांत आयुष्य घडत नाही आणि दहा दिवसांनी बिघडतही नाही.

चौथी गोष्ट मुलाच्या इच्छेची. दिवसाचे वेळापत्रक मागून घ्यावे. त्यात मुलाने स्वतःच्या मनाने घालविण्याचा एक तासही नसेल तर ती शाळेचीच दुसरी शाखा समजावी. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या एकतिसाव्या कलमाने विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे, आणि भारताने १९९२ साली ही संहिता स्वीकारली आहे. मुलाला विचारल्याशिवाय त्याची सुट्टी ठरविणे हे या हक्काला धरून नाही.

शेवटची गोष्ट संगतीची. शिबिरात कोणाची मुले येतात? एकाच आर्थिक थरातील, एकाच माध्यमातील मुले असतील तर तेथे नवे काय भेटणार? मुलींची संख्या किती आहे? अपंग मुलाला प्रवेश आहे काय? इमारतीतील मुलाला शेजारच्या वस्तीतील मुलाबरोबर मातीत खेळावयास मिळाले, तर तो कोणत्याही वर्गात मिळणार नाही असा धडा घेऊन घरी येतो.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा खटाटोप कशासाठी? मुलांना गल्लीत मोकळे सोडावे, ती आपोआप खेळतील. या म्हणण्यात तथ्य आहे आणि शिबिरांच्या वेडावर तो चांगला उतारा आहे. पण गल्ली उरली आहे कोठे? मुंबईच्या नव्या विकास आराखड्यासाठी झालेल्या पाहणीत लोकांना प्रत्यक्ष वापरता येणारी मोकळी जागा दरडोई सव्वा चौरस मीटरच्या आसपास निघाली. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला सतरंजीएवढी जागा. ही टंचाई निसर्गाने दिलेली नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि तेवढाच सार्वजनिक घरबांधणीसाठी राखण्याची तरतूद केली होती. २००१ साली या नियमाचा अर्थ बदलण्यात आला. हिशेब सबंध जमिनीचा न धरता आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता धरण्यात आला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला. गिरणगावच्या मुलांच्या वाट्याची मैदाने अशी कागदावर आकसली. तेथे आता मनोरे आणि मॉल उभे आहेत. काही मॉलमध्ये मुलांना पैसे भरून खेळता येते, एवढाच काय तो दिलासा.

मग करावे काय? सरकारकडे मागणी करावी, हे तर खरेच. मे महिन्यात महापालिकेच्या शाळांच्या इमारती बहुतांशी रिकाम्या असतात. पटांगण, नळ, स्वच्छतागृहे, छप्पर हे सारे जनतेच्या पैशाने उभे आहे आणि जनतेच्या मुलांना त्याची सर्वाधिक गरज असते नेमके त्याच दिवसांत त्याला कुलूप असते. प्रत्येक विभागात निदान काही शाळा सुट्टीत खेळघर म्हणून उघड्या ठेवाव्यात, तेथे दुपारचे भोजन चालू ठेवावे, ही मागणी रास्त आहे. ती करताना एक पथ्य मात्र पाळावे. शिक्षकांची हक्काची सुट्टी हिरावून हे होता कामा नये, त्यासाठी स्वतंत्र माणसे योग्य वेतनावर नेमली गेली पाहिजेत. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, बोरिवलीचे शंभर चौरस किलोमीटरांहून मोठे राष्ट्रीय उद्यान ही या शहराची सार्वजनिक धने आहेत. वस्तीतील किती मुलांनी ती पाहिली आहेत, याची मोजदाद प्रत्येक शाखेने आपल्या परिसरात करावी.

परंतु मागणी मान्य होईपर्यंत मे महिना थांबत नाही. म्हणून एक हिशेब पुढे ठेवावासा वाटतो. समजा, एका वस्तीत चाळीस मुलांचे बारा दिवसांचे शिबिर घ्यावयाचे आहे. दर मुलामागे रोज चाळीस रुपयांचा पोटभर नाश्ता धरला तर १९,२०० रुपये होतात. चार प्रशिक्षित तरुण-तरुणींना रोज पाचशे रुपये मानधन दिले तर २४,००० रुपये. साहित्य आणि प्रथमोपचार ८,००० रुपये, दोन सहलींच्या बसचे १२,००० रुपये. एकूण ६३,२०० रुपये, म्हणजे दर मुलामागे १,५८० रुपये. आता शुल्क ऐपतीप्रमाणे ठेवू. दहा मुलांचे पालक तीन हजार, पंधरांचे दीड हजार आणि उरलेल्या पंधरांचे केवळ शंभर रुपये देतील, तर ५४,००० रुपये जमतात. तूट राहते ९,२०० रुपयांची. एका शाखेला एवढी रक्कम वर्षभरात जमविता येऊ नये काय? या हिशेबातील आकडे जागेप्रमाणे बदलतील, पण त्यामागील तत्त्व बदलण्याचे कारण नाही. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे द्यावे, मुलांनी मात्र एकाच रांगेत बसावे आणि कोणी किती दिले हे त्यांना कधीही कळू नये.

शिबिराच्या जागेला भाडे पडू नये म्हणून शाळेच्या पटांगणाचा अर्ज फेब्रुवारीतच महापालिकेच्या विभाग कार्यालयात गेला पाहिजे. तरुणांचे प्रशिक्षण मार्चमध्ये झाले पाहिजे. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली येऊ शकाव्यात यासाठी त्याच आवारात पाळणाघराची सोय हवी, नाहीतर यादीत चाळीस नावे असतील आणि पटांगणावर केवळ मुलगेच दिसतील. आणि एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. हे शिबिर पक्षाच्या प्रचारासाठी नसावे. मुलांच्या हाती झेंडे देऊन घोषणा द्यावयास लावणे हा त्यांच्या सुट्टीवरचा दुसऱ्या प्रकारचा दरोडा आहे. त्यांना एकत्र खेळू द्यावे, नियम ठरवू द्यावेत, भांडण झाले तर बोलून मिटवू द्यावे. समतेचा अनुभव ज्याने दहाव्या वर्षी घेतला त्याला पुढे तिचा अर्थ समजावून सांगण्यास फार शब्द लागणार नाहीत.

ज्या पालकांना परवडते त्यांनी डोळसपणे निवड करावी आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी निवडीची जागा निर्माण करावी, ही दोन्ही कामे एकाच वेळी झाली पाहिजेत. पहिले काम केले आणि दुसरे सोडले तर ती ग्राहकहिताची चळवळ होईल, त्याहून अधिक काही होणार नाही. जूनच्या मध्यास शाळा पुन्हा उघडेल तेव्हा सुट्टीत काय केलेस, हा प्रश्न वर्गातील प्रत्येक मुलाला विचारला जाईल. त्या दिवशी आपल्या वस्तीतील एकाही मुलाला मान खाली घालावी लागू नये, एवढे उद्दिष्ट प्रत्येक शाखेने या वर्षी ठरविले तरी पुष्कळ झाले.